घास आणि मन : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

पन्नाशी-साठीतल्या नोकरदार वाचकांकडून चावण्या-गिळण्याच्या तक्रारींची बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रांत शेवटी एक ओळ मनाबद्दल होती : झोप लागत नाही, चिडचिड होते, कशात जीव रमत नाही. ती ओळ आम्हाला पत्राइतकीच महत्त्वाची वाटली. जपानमध्ये ४० ते ७४ वयोगटाच्या सरकारी आरोग्य तपासणीच्या प्रश्नावलीत २०१८ पासून चावण्याबद्दलही विचारलं जातं : काहीही चावून खाता येतं, कधी कधी चावायला त्रास होतो, की जवळजवळ चावताच येत नाही? आपल्याकडे कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी होतं. तोंडात मात्र बहुधा कोणी डोकावत नाही. दंतवैद्य, गिळण्याच्या विकारांवर काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : वय ५९. पुण्यात खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. दिवाळीत उरलेसुरले दात काढून पूर्ण कवळी बसवली. डबा खाताना खालची कवळी हलते, टकटक आवाज येतो. लाज वाटते म्हणून सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसणं सोडलं. दुपार चहा-बिस्किटांवर निघते. पाच महिन्यांत वजन ६४ वरून ६० किलोवर आलं. पहाटे चारला जाग येते, घरच्यांवर खेकसतो. कवळी बदलून घेऊ की मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ?

दोन्हीकडे जा, आणि एकाच आठवड्यात. "आधी कवळी नीट होऊ दे, मग मन आपोआप ताळ्यावर येईल" असं म्हणण्यात महिने जातात.

आधी कवळीचं पाहू. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतं, आणि पहिल्या सहा महिन्यांपासून वर्षभरात सगळ्यात जास्त झिजतं. म्हणजे दिवाळीत चपखल बसलेली कवळी आज सैल होणं अपेक्षितच आहे. त्यासाठी नवी कवळी लागतेच असं नाही. आहे त्याच कवळीला आतून अस्तर भरून देतात, त्याला रीलाइनिंग म्हणतात. पक्कं अस्तर प्रयोगशाळेत भरायचं असेल तर कवळी एखादा दिवस सोडावी लागते, म्हणून शनिवारची वेळ घ्या. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची असते, तिला धरायला जागा कमी आणि जीभ-गाल तिला सतत ढकलत असतात. त्यामुळे खालची हलते ही तक्रार जवळपास सगळेच करतात. तुमचं तोंड काही वेगळं नाही.

आवाज कशामुळे येतो ते दवाखान्यात जाण्याआधी घरीच पाहा. आरशासमोर "सहासष्ट, सदुसष्ट, सत्तर" असं मोठ्याने म्हणा. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर कवळीची उंची जास्त झालेली असू शकते, आणि अस्तर भरून ती कमी होणार नाही. बोलताना आवाज नाही, फक्त खाताना येतो, तर बहुधा सैलपणा आहे. डॉक्टरांना हे नेमकं सांगितलंत तर एक फेरी वाचते. कुठे टोचत असेल तर भेटीच्या आदल्या दिवशी कवळी घालूनच ठेवा. काढून ठेवली की वळ मावळतो आणि कवळीची घासायची जागा सापडत नाही. कवळी घासून घेतल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा.

चावायची पद्धत बदलावी लागते. पुढच्या दातांनी तोडू नका, पुढून दाब आला की कवळी मागून उचलते. घास लहान घ्या, त्याचे दोन भाग करा आणि दोन्हीकडच्या दाढांखाली एकाच वेळी ठेवून चावा. ही सवय लागायला सहा ते आठ आठवडे लागतात. चिकटवायची पेस्ट कोरड्या कवळीवर वाटाण्याएवढी तीन ठिकाणी, बस. रोज याहून जास्त लागत असेल तर बसणं चुकलं आहे. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात आणि त्यात बुरशी धरते. मऊ ब्रश आणि अंगाचा साबण पुरतो. उकळतं पाणी घातलंत तर ती वाकडी होते.

एवढं करूनही खालची कवळी जागेवर राहत नसेल तर पुढच्या भागात हाडात दोन इम्प्लांट (धातूचे स्क्रू) बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं मत दिलं होतं. खर्च मोठा आहे, साखर आटोक्यात हवी आणि तंबाखू बंद हवी. आमच्या मते आधी रीलाइनिंग करून दोन महिने बघावं.

आता डबा. तुमच्या वजनाला रोज साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. चार ग्लुकोज बिस्किटांत मिळून दीड ग्रॅमच्या आसपास असतात. दोन अंड्यांच्या भुर्जीत १२, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, पन्नास ग्रॅम मूगडाळीत सुमारे १२. तेव्हा निम्मी डाळ, निम्मे तांदूळ घेऊन घट्ट खिचडी करा. पिठलं-भात चालेल. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही : कुस्करून घट्ट वरणात दहा मिनिटं भिजू द्या. दुधी, लाल भोपळा, पडवळ बिनधास्त. पालेभाजी मात्र शिजवण्याआधी अगदी बारीक चिरा, लांब धागे कवळीला गुंडाळतात. भाजीवरचा शेंगदाण्याचा भरड कूट, तीळ आणि पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन खड्यासारख्या रुततात. "डबा खाताच येत नाही" या तक्रारीमागे कित्येकदा तो कूटच असतो. कूट घालायचाच तर मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवा.

मनाकडे येऊ. तुम्हीच करून पाहण्यासारखी एक पारख आहे. भूक लागते, पानावर बसावंसं वाटतं, पण चावता येत नाही म्हणून ताट सरकवता का? की शिरा, खीर, मऊ वरणभात असं काहीच चावायला न लागणारं, आवडीचं समोर आलं तरी इच्छाच होत नाही? पहिलं असेल तर वजन मुख्यतः चावण्यामुळे उतरतंय. दुसरं असेल, आणि त्याबरोबर दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटतं किंवा कशात गोडी वाटत नाही, पहाटे जाग येते, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर स्वतंत्र उपचार लागतात. पाच महिन्यांत चार किलो म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त घट आहे. कवळीवर ढकलून मोकळे होऊ नका. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासा आणि फॅमिली डॉक्टरांना एकदा पूर्ण तपासू द्या.

डब्याच्या टेबलावर परत जाणं हा उपचाराचाच भाग आहे. अस्तर भरून झालं की पहिला आठवडा ज्याच्याशी मोकळेपणा आहे अशा एकाच सहकाऱ्याबरोबर बसा, डब्यात खिचडीसारखं आवाज न होणारं न्या. पुढच्या आठवड्यात तिघे-चौघे. लाज पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर टेबल कायमचं सुटेल.

प्रश्न : वय ५४, प्राथमिक शिक्षिका, जळगाव जिल्हा. वर्षभरापासून घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, रात्री घ्यायला गोळी दिली. दोन महिन्यांपासून भाकरी-पोळीचा घास गळ्याच्या खाली अडकतो, पाण्याने ढकलावा लागतो. भात, दूध जातं. जिना चढताना धाप लागते. सगळं मनाचंच आहे का?

नाही, ताई. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दुसरीला "टेन्शन" हे नाव आत्ता देता येणार नाही.

रिकाम्या घशाने लाळ गिळताना गोळा जाणवतो, जेवताना उलट तो विसरायला होतो आणि प्रत्यक्ष घास कधी अडकत नाही, असा त्रास पुष्कळांना असतो. चिंतेत तो वाढतो, आम्लपित्तामुळेही वाढतो, आणि तो धोक्याचा नसतो. तुमचं वर्षभरापूर्वीचं दुखणं कदाचित तेच असेल. पण घट्ट घास अडकणं आणि पातळ जाणं याचा अर्थ अन्ननलिकेची वाट कुठेतरी अरुंद झाली आहे असा आधी धरायचा असतो. घन आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडकत असेल तर नळीच्या हालचालीतला बिघाड संभवतो. सुरुवात भाकरीपासून होऊन मग मऊ भात, मग पेज असं वर चढत गेलं तर अडथळा वाढतोय.

धाप लागते म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) लगेच तपासून घ्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोह फार काळ कमी राहिलेल्या मध्यमवयीन बायकांत अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला पातळ पडदा तयार होऊ शकतो. भाकरी तिथे अडते. लोह भरून काढणं आणि दुर्बिणीतून पडद्यापाशी अरुंद झालेली वाट रुंद करणं, एवढ्याने बहुतेक बायका पुन्हा नीट जेवू लागतात. पण या अवस्थेत पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून पाठपुरावा सोडायचा नाही. हा पडदा इतका वर असतो की दुर्बीण आत जाताना तो नजरेतून सुटू शकतो. म्हणून रक्तक्षय निघाला तर "आधी बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) गिळून एक्स-रे काढायचा का?" हे डॉक्टरांना विचारा. दुर्बिणीची तपासणी दोन आठवड्यांच्या आत व्हावी. परीक्षा संपू दे, मे महिन्याची सुट्टी लागू दे, असं करू नका.

वजन उतरणं, तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसणं, एकाच कानात दुखणं, मानेत गाठ, उलटीत रक्त किंवा काळी शी, यातलं काहीही असेल तर दोन आठवडेही नकोत. घास पूर्ण अडकला आणि स्वतःची लाळसुद्धा गिळता येईना, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात.

रात्रीची गोळी मनाने एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी असेल तर अचानक थांबवल्यावर झोप उडते, हातपाय कापतात, कधी झटकेही येतात. डॉक्टर ती हळूहळू कमी करतील. आणि सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या तरी "काही झालेलं नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवणं चुकीचंच. तेव्हा घशातल्या त्या गोळ्यावर आणि चिंतेवर नीट उपचार करून घ्यायचे : खाकरणं बंद करून त्याऐवजी पाण्याचा एक घोट, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, आवाजाची थेरपी, समुपदेशन. वर्गात दिवसभर चढ्या आवाजात शिकवून घशाचे स्नायू आखडतात, त्यामुळेही गोळा जास्त जाणवतो.

प्रश्न : माझे बाबा ६३ वर्षांचे, नाशिकला सोसायटीत वॉचमन. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा हलका झटका आला, हातपाय सुधारले. पण पाणी पिताना ठसका लागतो. लोक बघतात म्हणून ड्युटीवर पाणीच पीत नाहीत. हल्ली गप्प असतात, "आता माझा काय उपयोग" म्हणतात.

पाणी सर्वांत वेगाने घसरतं. मेंदूचा इशारा क्षणभर उशिरा आला तरी श्वासनलिका बंद व्हायच्या आत पाणी तिथे पोचतं, म्हणून खिचडी गिळता येते आणि पाण्याला ठसका लागतो. बाबा पाणी कसं पितात ते एकदा बघा. तांब्या किंवा बाटली वर धरून, मान मागे टाकून, वरून ओतून पीत असतील तर आजपासून ते थांबवा. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते. अरुंद तोंडाची बाटली संपत आली की मान आपोआप मागे जाते. रुंद तोंडाचा कप, निम्माच भरलेला, एका वेळी एक लहान घोट, दोन घोटांत थोडा विसावा, बसून. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने काहींना फायदा होतो, काहींना उलट त्रास होतो, म्हणून ते तपासणीनंतरच.

तपासणी म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा एक्स-रेवर बेरियम मिसळलेला घास गिळायला लावून, प्रत्यक्ष काय होतं ते पाहणं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात "गिळण्याची तपासणी" विचारा. थेरपिस्ट, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले असावेत. ठसका नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. झटक्यानंतर काहींच्या घशाची जाणीवच कमी होते आणि पाणी आवाज न करता फुफ्फुसात जातं. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येणं, अधूनमधून संध्याकाळी ताप, वरचेवर छातीत कफ, या खुणा सांभाळा.

पाणी दाट करून द्यायला सांगितलं तर किती दाट हेही मोजता येतं. सुई काढलेली १० मिलीची सिरिंज घ्या, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर असलेली. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने दाबून १० मिली भरा, बोट काढून बरोबर १० सेकंदांनी पुन्हा दाबा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साधं पातळ (शून्य नंबर), १ ते ४ म्हणजे किंचित दाट (एक नंबर), ४ ते ८ म्हणजे थोडं दाट (दोन नंबर), ८ च्या वर आणखी दाट. या मापाला जगभर एकच नाव आहे, आयडीडीएसआय. थेरपिस्ट "दोन नंबर" म्हणाले तर ४ ते ८ मिली उरायला हवं. कॉर्नफ्लॉवर किंवा पिठाने दाट केलेलं पाणी तोंडातल्या लाळेने पुन्हा पातळ होतं, उष्टा चमचा पेल्यात बुडाला तरी होतं. झँथन गम या दाटपणा आणणाऱ्या पावडरीने दाट केलेलं पाणी तसं पातळ होत नाही. तपासणीशिवाय दाट पाणी सुरू करू नका; ते आवडत नाही म्हणून माणसं आणखी कमी पितात.

दात रोज दोनदा घासून द्या. फुफ्फुसात चुकून गेलेल्या लाळेबरोबर तोंडातले जंतूही जातात आणि न्यूमोनिया होतो, त्यामुळे स्वच्छ तोंड हा इथे खरा बचाव आहे. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ड्युटीच्या खोलीतसुद्धा.

अर्धांगवायूनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. बाबांचं ते वाक्य हलक्यात घेऊ नका. "बाबा, जगू नये असं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार रुजत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचं बरं वाटतं. उत्तर हो असेल तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ते राज्य कामगार विमा योजनेत बसू शकतात, पगारपत्रकावर कपात दिसते का बघा. सुपरवायझरशी बोलून जेवणाला पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं मागा. घाईत गिळणं त्यांच्यासाठी खरोखर धोक्याचं आहे, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठीच जोडा.

प्रश्न : वय ५२, टेम्पो चालवतो, लातूर. वीस वर्षं गुटखा. तोंडात जेमतेम दीड बोट जातं, तिखट खाल्लं की आग. सोडायला गेलो तर डोकं भणभणतं, कोणाशी बोलू नये वाटतं.

स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. दीड म्हणजे सुपारीने गालाच्या आतले तंतू कडक केले आहेत. दोष मुख्यतः सुपारीचा, त्यामुळे तंबाखू नसलेली गोड सुपारीही बंद. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून तोच परिणाम होतो. कडक झालेलं पूर्वीसारखं मऊ होत नाही. वाढ मात्र थांबते आणि व्यायामाने थोडं उघडतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दाढांमध्ये आडवा सरकवा, ताण जाणवेल पण दुखणार नाही इतका. अर्धा मिनिट धरा, दिवसातून पाच-सहा वेळा, दर आठवड्याला एक काडी वाढवा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारा व्रण असेल तर तुकडा तपासणी टाळू नका, या आजारातून कर्करोग होऊ शकतो.

डोकं भणभणणं आणि उदासी ही निकोटीन सुटल्याची लक्षणं आहेत. पहिला आठवडा सर्वांत जड, दोन ते चार आठवड्यांत उतरतात. तोंड उघडत नसताना निकोटीनचं च्युइंग गम चावणं कठीण, तुम्हाला त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी बरी, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. महिन्यानंतरही मन वर येत नसेल तर ते नुसतं निकोटीन नाही, तपासून घ्या.

प्रश्न : वय ६०, बँकेत होते, आता एका पतसंस्थेत काम करते. नैराश्यासाठी अमिट्रिप्टिलिन सुरू झाल्यापासून तोंड कोरडं पडतं, पोळी टाळूला चिकटते, गोळीही घशात अडकते. औषध बंद करू का?

बंद नको, बदलून मागा. अमिट्रिप्टिलिन लाळ फार कमी करतं. एस्सिटालोप्रामसारखी औषधं त्या मानाने तोंड कमी कोरडं करतात, आणि हा बदल मानसोपचारतज्ज्ञ सहज करू शकतात, तुम्ही सांगितलंत तर. ॲलर्जीच्या आणि वरचेवर लघवी होण्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. तोवर पोळीला वरण किंवा दूध, बिनसाखरेचं च्युइंग गम, फ्लोराइडची पेस्ट. लिंबाची फोड किंवा आंबट गोळी चघळू नका, लाळ कमी असताना आम्लाने दात लवकर झिजतात. गोळी घेताना आधी एक घोट पाण्याने तोंड ओलं करा, मग पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. लोहाची, जंतुसंसर्गावरची डॉक्सीसायक्लिनची किंवा हाडांसाठीची अलेंड्रोनेटची गोळी अन्ननलिकेत थांबली तर तिथे जखम करते, आणि मग पुढचे कित्येक दिवस प्रत्येक घास दुखतो.